जुन्या मॉडेलचा पॅच

"पट्टी आहे ना अजून, बाबा?"

"आहे की. घट्ट चिकटून आहे. परवा तुझी आई फडकं घेऊन निघाली होती, मी हातच धरला तिचा. म्हटलं, लेकीचा हुकूम आहे, पॅच येईपर्यंत कॅमेरा उघडायचा नाही."

ती हसली. फोनवर हसणं सोपं असतं.

पट्टी तिनेच लावायला सांगितली होती. तिच्या कंपनीने बनवलेल्या लॅपटॉपमध्ये खोट निघाली होती. लॅपटॉप सुरू करणाऱ्या आतल्या प्रणालीत, म्हणजे फर्मवेअरमध्ये, एक फट राहिली होती आणि तिच्यातून कोणीही परका दुरूनच कॅमेरा चालू करू शकत होता. दुरुस्तीचा पॅच येईपर्यंत कॅमेरे झाकून ठेवा, असं कंपनीने सगळ्यांना कळवलं. बाबांचा फोन साधा, बटणांचा. लेकीचं तोंड बघायचं तर लॅपटॉपच. त्यामुळे दर रविवारी आता नुसता आवाज.

"मग कधी येतोय तुमचा पॅच?"

"काम चालू आहे, बाबा. जुन्या मॉडेल्सना वेळ लागतोय."

"तुमची कंपनी म्हणजे आमच्या प्लंबरची सख्खी बहीण. उद्या नक्की म्हणते, आणि तो उद्या काही उजाडत नाही."

"पुढच्या आठवड्यात येईल."

"येईल गं. तू जागरणं करू नकोस त्याच्यापायी. जेवतेस ना वेळेवर?"

"हो."

फोन ठेवून ती पलंगावर तशीच बसून राहिली. तिच्या पलंगाला लागून आणखी दोन पलंग होते आणि खिडकीच्या गजांवर तिघींचे टॉवेल वाळत होते. वसतिगृहातल्या या खोलीचा बाबांना पत्ता नव्हता. पॅचचं म्हणाल, तर तो केव्हाच आला होता. जुन्या मॉडेल्ससाठीसुद्धा. तो आला तेव्हा ती कंपनीत नव्हती.

चूक तिचीच होती, आणि तशी सगळ्यांचीच. अपडेट बाहेर सोडण्याआधी तो जुन्या लॅपटॉपवरही चालवून बघायचा, असा विभागाचा नियम होता. जुने लॅपटॉप कपाटात आणि त्यांचे चार्जर भलत्याच कोणाच्या टेबलावर. नव्यावर चाललं की जुन्यावर चालणारच, असं धरून सगळे 'तपासलं' असं लिहून मोकळे होत. तीही झाली. खोट नेमकी तिने सोडलेल्या अपडेटमध्ये निघाली.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "जुन्यावर बघितलं होतं?" टेबलाभोवतीच्या सगळ्या माना खाली गेल्या. "नाही," ती म्हणाली. खरं बोलल्याचं कौतुक वगैरे कोणी केलं नाही. संध्याकाळी तिचं ओळखपत्र काढून घेतलं.

नोकरी गेल्याचं दुःख हळूहळू ओसरलं, लाज मात्र ओसरेना. ती तिथे लागली म्हणून तर बाबांनी हा लॅपटॉप घेतला होता. दुकानदारालाही सांगून आले होते, "हा आमच्या मुलीच्या हाताखालून गेलाय." आणि आता त्याच लॅपटॉपवर ते तिच्या शब्दाखातर पट्टी सांभाळत बसले होते. कॅमेरा उघडला की खोली दिसणार, तोंड दिसणार. तिला खोटं बोलता यायचं ते फक्त आवाजाने.

नवी नोकरी लागली की सगळं सांगून टाकू, असं तिने ठरवलं होतं. पण मुलाखतीत कोणी आधीची नोकरी का सोडली असं विचारलं की ती अडखळायची, आणि तिथेच सगळं फिसकटायचं.

पुढच्या रविवारी बाबांनीच विषय काढला.

"अगं ठमे, वरच्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणत होते, त्यांचा पॅच आला म्हणे. लॅपटॉप आपल्यासारखाच आहे."

"त्यांचं मॉडेल नवं असेल, बाबा."

"तेच सुनावलं मी त्यांना. म्हटलं, आमच्या घरचं माणूस आहे तिथे. तुमच्या आधी आम्हाला कळेल."

धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. किती दिवस असं त्यांना लोकांपुढे तोंडघशी पाडत राहायचं? बघू देत. एकदा कळलं की सुटले.

"तुम्ही स्वतः बघा ना एकदा," ती म्हणाली. "'अपडेट शोधा' असं लिहिलेलं असेल बघा, तिथे."

खुर्ची सरकली. बटणांची टकटक ऐकू आली. तिने फोन कानाशी इतका घट्ट धरला की कान दुखायला लागला.

"थांब, चष्मा कुठे गेला... हं. 'नवीन अपडेट उपलब्ध नाही.'"

तिने डोळे मिटले. नेट बंद असेल, नाहीतर भलतंच काही उघडून बसले असतील. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याचीच आणखी लाज वाटली.

"बाबा..."

"काय गं?"

"एक सांगायचं होतं."

पलीकडे बाबांनी खुर्ची पुढे ओढली.

"सांग ना," बाबा म्हणाले. "निवांत सांग."

शब्द अगदी ओठांवर आले होते. पण डॉक्टरांपुढे छाती काढून उभे राहिलेले बाबा तिला दिसले, आणि तिचं अवसानच गळालं.

"पुढच्या आठवड्यात येईल म्हणतायत. पॅच."

"बरं." ते म्हणाले, "आम्हाला काही घाई नाही हं. ठेवू?"

"ठेवा."

बाबांनी लाल बटण नीट दाबलं नसावं. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग चपला घासत कोणीतरी जवळ आलं. कट करायला तिने अंगठा उचलला, तेवढ्यात आईचा आवाज आला.

"अहो, आज तरी बोलली का ती, नोकरी गेल्याचं?"