बाकावरची

आजही ती बाकावर बसलेली होती.

स्टुडिओचं जाडजूड दार ढकलून बाई बाहेर आल्या, तशी ती पोरगी चटकन उठून उभी राहिली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि हिच्या गळ्याभोवती मफलर!

"बाई, किती छान गायलात," ती म्हणाली.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. आतलं एक अक्षरही बाहेर ऐकू येत नाही. म्हणे छान गायलात. त्या उत्तर न देता गाडीत जाऊन बसल्या.

"ही रोज इथे काय करते गं?" त्यांनी धाकट्या बहिणीला विचारलं. धाकटी बाईंच्या तारखा सांभाळायची, गरम पाणी सांभाळायची आणि मुख्य म्हणजे बाईंचा राग सांभाळायची.

"बसते बिचारी. कुठे काही मिळेल म्हणून."

"तिच्या नावावर एक तरी गाणं आहे? मग घर कसं चालतं तिचं? पायात नवे कोरे बूट होते."

"तुझं आपलं काहीतरीच, ताई," धाकटी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

आपली गाणी मोजायचं बाईंनी केव्हाच सोडून दिलं होतं. सकाळी एका स्टुडिओत विरहाचं गायचं, दुपारी दुसरीकडे लाडिक, संध्याकाळी तिसरीकडे बाळाला झोपवायचं. जेवायला बसेपर्यंत सकाळची चाल डोक्यातून गेलेली असायची. हल्ली ज्या नायिकेसाठी त्या गात होत्या, तिच्या आजीसाठीही त्याच गायल्या होत्या! त्यांचा नियम एकच. गायलेलं स्टुडिओत परत ऐकायचं नाही. पहिल्या गाण्याच्या दिवशी भीतीने ऐकलं नव्हतं, आणि ते गाणं तुफान चाललं. तेव्हापासून हेडफोनमध्येसुद्धा नुसती वाद्यं. स्वतःचा आवाज त्या ऐकायच्या तो घरी, रेडिओवर, चारचौघांसारखा.

अलीकडे तर काम फारच सोपं झालं होतं. पूर्वी संगीतकार एकेका ओळीसाठी जीव खायचे. आता पहिल्याच खेपेला काचेपलीकडून अंगठा वर. "झालं, बाई! तुम्ही निघा, आराम करा." इतक्या वर्षांच्या कामाचा हा मान आहे, असं बाईंना वाटायचं.

एका सकाळी चहा पिताना रेडिओवर त्यांचं नवं गाणं लागलं.

"बघ," बाई खुशीत म्हणाल्या, "आवाजाला वय शिवलेलं नाही." मग त्यांनी कप खाली ठेवला. "शेवटची ओळ अशी थरथरवत खाली आणली मी? कधी?"

धाकटीच्या हातून चमचा पडला. "आणली असशील. तुला कुठे काय आठवतं?"

त्याच आठवड्यात बाई चष्मा विसरल्या म्हणून अर्ध्या रस्त्यातून स्टुडिओत परतल्या. बाक रिकामा होता. दारावरचा लाल दिवा चालू होता. दारातल्या छोट्या काचेतून त्यांनी आत पाहिलं. त्यांच्या माइकसमोर, त्यांच्याच गाण्याचा कागद धरून, ती उभी होती. मफलर काढलेला होता आणि डोळे मिटलेले होते.

म्हणजे आपल्या पाठीमागे हिला तयार करताहेत तर! दिवा विझताच त्या तडक आत घुसल्या. संगीतकाराचा चेहरा पांढराफटक पडला. रेकॉर्डिस्ट उगाचच बटणं चाचपायला लागला.

"बाई, ती नुसती... सराव करत होती."

"ती किंवा मी. ठरवा," बाई म्हणाल्या.

"ताई, मी पाया पडते तुझ्या, असं करू नकोस," धाकटी मागून पुटपुटली.

"तूही त्यांना फितूर?"

बाईंनी घरी येऊन एकेका संगीतकाराला फोन केला. ती मुलगी जिथे दिसेल तिथे मी पाऊल ठेवणार नाही, एवढंच वाक्य. बाईंचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती दारात आली. रडून रडून डोळे सुजले होते.

"मला तुमची जागा नको, बाई. मी आजवर कुणाला काही बोलले नाही, पुढेही बोलणार नाही. फक्त मला काढू नका."

बाईंना ती सरळसरळ धमकी वाटली. "काय बोलणार आहेस तू? माझ्या मुळावर उठलीस आणि वर हे? चालती हो!"

मुलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने मान फिरवली. आठवडा उलटायच्या आत ती गाव सोडून गेल्याचं कानावर आलं. बाईंना कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

पुढच्या रेकॉर्डिंगला बाई नवी साडी नेसून गेल्या. बाक रिकामा होता. त्यांनी तो तिथून उचलायलाच लावला. मग आत जाऊन जीव ओतून गायल्या. गाणं संपलं आणि त्यांनी काचेकडे पाहिलं.

अंगठा वर आला नाही. संगीतकार खुर्चीत बसून दोन्ही हातांनी डोकं धरून होता.

"काय झालं? कुठे चुकलं?"

"नाही, बाई. तुम्ही निघा. आम्ही बघतो काहीतरी," तो म्हणाला.

आज त्या खुशीत होत्या. पलीकडच्या खोलीत येऊन खुर्ची ओढत म्हणाल्या, "लाव रे. आज मीसुद्धा ऐकते."

"ताई, घरी चल," धाकटीने त्यांचा हात घट्ट धरला.

"लाव म्हटलं ना!"

रेकॉर्डिस्टने संगीतकाराकडे पाहिलं आणि बटण दाबलं. वाद्यं वाजली. मग एका म्हातारीचा फाटका आवाज आला, सुरावरून घसरणारा, ओळीच्या मध्येच धाप लागलेला.

बाई खळखळून हसल्या. "अरे, हे कुणाचं लावलंस? माझं लाव."

"तुमचंच आहे, बाई," रेकॉर्डिस्ट मान खाली घालून म्हणाला. "तुम्ही गेल्यावर पुन्हा गाऊन देणारी आता नाही ना."