देशाची लाज

“कॅथीड्रल कुठं पळून जातंय? आधी हे गुहेतलं घर बघू,” असं म्हणत ओर्नेल्ला पायऱ्या उतरूही लागली. ब्रुना वरच्याच पायरीवर थांबली.

ओर्नेल्ला तिची होणारी विहीण. मिलानमधल्या बड्या डॉक्टरांची बायको. ब्रुनाच्या लेकीचं लग्न ठरल्यापासून दोघं नवराबायको दक्षिण इटलीतलं हे मातेरा गाव दाखवा म्हणून मागं लागली होती. “नऊ हजार वर्षं माणसांनी न सोडलेलं गाव, आणि आमची सून तिथली!” असं डॉक्टर ज्याला त्याला सांगत. ब्रुनाचा जन्म इथलाच होता, त्यात खोटं काही नव्हतं. वडिलांचं वरच्या गावात, पक्क्या रस्त्याला औषधांचं दुकान होतं, हे मात्र तिनं आपल्या पदरचं सांगितलं होतं.

दाराशी खुर्ची टाकून दोनातो बसला होता. तिचा थोरला भाऊ. आल्यागेल्याला हे घर दाखवायचं काम त्याच्याकडं होतं. ती त्याला दुपारी एकटी गाठणार होती. त्यानं मान वर केली, ब्रुनाला पाहिलं आणि तोंडभर हसला. उठायला म्हणून गुडघ्यांवर हात टेकले.

ब्रुना मान खाली घालून पर्समध्ये चष्मा शोधू लागली. चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता.

दोनातोचं हसू हळूहळू मावळलं. तो तसाच उठला आणि ओर्नेल्लाला म्हणाला, “या बाईसाहेब. डोकं सांभाळा, दार ठेंगणं आहे.”

खडक कोरून केलेली एकच खोली. उंच पलंग, मागं अंधारात गव्हाण, जमिनीत पाण्याच्या टाक्याचं तोंड. ब्रुना उजेडाकडं पाठ करून दारातच थांबली.

“एवढ्यात किती माणसं राहायची?” बायकोमागोमाग आत आलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

“अकरा. शिवाय खेचर. कोंबड्या पलंगाखाली. थंडीत खेचराची ऊब असायची ना, त्यामुळं घरात बापापेक्षा त्याचा मान मोठा.”

डॉक्टर हसले. “आणि बाप काय करायचा?”

ब्रुना वळून बाहेर पायऱ्यांकडं बघू लागली.

“मजुरी. दुसऱ्याच्या शेतावर. मिळाली तर.” दोनातोनं कपाटाचा खालचा खण ओढून दाखवला. “हा पाळणा. धाकटी बहीण यात निजायची. फार रडकी. मी म्हणायचो, गप्प बस, नाहीतर खण लावून घेईन.”

“अगं बाई!” ओर्नेल्लानं गालाला हात लावला. “म्हणजे जनावरांसारखंच राहायचे की हो हे लोक. नाही का ब्रुना?”

“हं,” ब्रुना म्हणाली.

तोंडातून निघालं ते एवढंच. पण खोली लहान होती. कुणाला ऐकू गेलं नाही असं व्हायला तिथं जागाच नव्हती.

दोनातोनं खण हलक्या हातानं आत सारला. “रोमची मोठी माणसंही तेच म्हणाली, बाईसाहेब. म्हणाली, ही देशाची लाज आहे. उठवलं आम्हाला, वर नव्या घरांत नेऊन टाकलं. आता मोठी माणसं येतात ती म्हणतात, हा जगाचा ठेवा आहे. आम्ही काहीच केलं नाही हो. तेव्हाही नाही, आताही नाही.”

“आणि ती रडकी बहीण?” ओर्नेल्लानं विचारलं.

“ती गेली उत्तरेकडं. हुशार होती. नाव काढलं तिनं.”

“येते कधी?”

“फोन करते. नाताळला, ईस्टरला. कधी चुकवत नाही,” दोनातो म्हणाला. ब्रुनाकडं त्यानं पाहिलं नाही.

ओर्नेल्लाला आता तो आवडायला लागला होता. “आमच्या मुलाचं लग्न आहे जूनमध्ये. यांच्याच मुलीशी. तलावाकाठी बाग घेतलीय, दोनशे पाहुणे!”

नगरपालिकेत जाऊन नुसत्या सह्या करायच्या आहेत, कुणालाच बोलावत नाही, असं ब्रुनानं भावाला फोनवर सांगितलं होतं.

“वा,” दोनातो म्हणाला. मग ठाऊक नसल्यासारखं त्यानं विचारलं, “मुलीचं नाव काय?”

“सेराफिना. आजकाल कोण ठेवतं असलं नाव! पण पोर गुणाची आहे.”

“आमच्या आईचं हेच नाव.”

“काय योगायोग!”

“छे, इकडं घरोघरी असतं,” तो घाईघाईनं म्हणाला.

ब्रुनाला दोनच शब्द बोलायचे होते, माझा भाऊ. पण ते दारात बोलायला हवे होते. आता बोलायचं तर तो चष्मा, ते “हं”, सगळंच सांगावं लागलं असतं. ती सगळ्यांच्या आधी बाहेर पडली.

बाहेर उन्हात ओर्नेल्लानं फोन काढला. “एक फोटो हवाच. ब्रुना, तुम्हीही उभ्या राहा यांच्या शेजारी. एका गावची माणसं तुम्ही!”

दोनातो भिंतीशी उभा राहिला. मध्ये आणखी एक माणूस मावेल एवढं अंतर त्यानं आपणहून सोडलं.

“अहो, जवळ या ना!”

ब्रुना सरकली. अजून सरकली. तिचा हात त्याच्या कोपरापर्यंत गेला. “दादा,” ती म्हणाली. इतकं हळू, की त्याच्याशिवाय कुणाला ऐकू जाऊ नये.

दोनातो एक पाऊल बाजूला झाला.

“नको, बाईसाहेब,” सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला. “माझ्या अंगाला या भिंतींची माती असते. कोट खराब होईल तुमचा.”