बोक्याचे चार केस

"काका, खरं सांगा. पाणमांजर तुम्ही स्वतः पाहिलंत?" तपासणीसाठी खाडीच्या पाण्याच्या बाटल्या भरता भरता संशोधक शाल्मलीनं विचारलं.

"पाहिलंत काय विचारतेस, अगो बाय! माझ्या होडीत बसून डब्यातलं कालवण खाल्लंन. वर मीठ कमी म्हणून तोंड वाकडं केलंन!"

बाबल तांडेलानं आयुष्यात पाणमांजर पाहिलं नव्हतं. पण ते संरक्षित जनावर खाडीत असेल तर वाळूउपसा थांबणार होता आणि त्याची शिंपल्या काढायची जागा वाचणार होती. म्हणून त्यानं ही थाप ठोकलेली. आता मात्र झाली पंचाईत. शाल्मली म्हणत होती, प्राणी पोहून गेला की त्याच्या कातडीचे, केसांचे कण पाण्यात राहतात, आणि प्रयोगशाळेत त्यांवरून तो प्राणी ओळखता येतो. तिची पाठ वळताच बाबलनं सदऱ्याला चिकटलेले घरच्या बोक्याचे चार केस एका बाटलीत टाकले. मांजर ते मांजर!

महिन्याभरानं ती पुन्हा होडीत बसली. "काका, एका बाटलीत घरचं मांजर निघालं बरं का," ती हसू दाबत म्हणाली. "पण पाणमांजर सगळ्याच बाटल्यांत आहे. उपसा थांबवायचं ठरलंय."

ज्या पाण्यावर बाबल जन्मभर वल्हवत आला, त्याच पाण्यात ते जनावर त्याच्या होडीखालून ये-जा करत होतं. त्यानं वल्हं अलगद वर उचललं आणि होडी तशीच वाहू दिली. खाली ते असेल, तर दचकायला नको.