शेवटचा एस

“टू ब्रदर,” साळू म्हणाली.

जिनपाल मास्तरांनी पेन्सिल टेबलावर आपटली. ‘ब्रदर्स’मधला शेवटचा एस पुन्हा गेला होता. मुलाखत दुसऱ्या दिवशी होती. सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर घ्यायच्या होत्या आणि १९७४ सालात पलूसच्या बाजूच्या मॅट्रिक झालेल्या मुलीला अशी जागा दुसऱ्यांदा चालून येणार नव्हती.

चार महिने ती आठवड्यातून तीनदा एसटीने सांगलीला मास्तरांकडे इंग्रजी शिकायला येत होती. निवृत्त झालेले मास्तर शब्दांच्या शेवटाबद्दल फार कडक होते. बोलताना शेवट खाल्ला की ट्रंक कॉल चुकलाच, असं ते म्हणत. एस प्रत्येक ठिकाणी सारखा वाजत नाही, हे त्यांनी तिच्याकडून घोटून घेतलं होतं. मिनिट्समध्ये तो स होतो, कॉल्समध्ये ‘जहाज’मधल्या शेवटच्या ज-सारखा. थ्री मिनिट्स, टू कॉल्स, फाइव्ह नंबर्स. साळूचं एकही चुकत नसे. घरच्या माणसांची माहिती सांगताना मात्र एक शब्द हटकून अर्धा राही. तुझा एस येताना उसाच्या फडात पडतो काय, असं मास्तर विचारत. ती हसत असे.

आज ती हसली नाही.

“घरात एकच हाय, सर. थोरला, नानासो. धाकटा आकाराम पलटणीत हुता. एकाहत्तरच्या लढाईपास्नं बेपत्ता हाय. एस लावला तर दोगंबी हायत असं हुतंय. एकच म्हटलं तर मीच त्याला पुसल्यागत हुतंय. मराठीत बरं हाय. एक भाऊ, दोन भाऊ. शब्द हलत न्हाई.”

मास्तरांनी वहीत ‘भाऊ’ लिहून पाहिलं. मराठीच्या त्या सोयीकडे त्यांचं कधी लक्ष गेलं नव्हतं. पण ते व्याकरणाचे मास्तर होते.

“तू आधी ‘टू’ म्हणतेस, साळू,” ते म्हणाले. “तू त्याला मोजलाच आहेस. मग एस सोडता येणार नाही.”

मुलाखतीत तिघे साहेब होते. त्यांनी तिच्याकडून आकडे वाचून घेतले, गावांची नावं म्हणून घेतली. मग मधल्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं, भाऊ किती? साळूने श्वास घेतला आणि उत्तर दिलं. शब्द शेवटपर्यंत गेला. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि रात्रपाळी जमेल का, ते विचारलं. पहिल्या तारखेपासून यायचं होतं.

ती घरी पोचली तेव्हा तिची आई बनुबाई म्हशीला वैरण टाकत होती. नोकरी लागल्याचं ऐकून आईने मान हलवली आणि साहेबांनी काय काय विचारलं, ते सांगायला लावलं. साळूने सगळं सांगितलं. भावांचं शेवटी सांगितलं.

वैरणीची पेंढी आईच्या हातातच राहिली. अडीच वर्षांत घरात ही मोजणी कुणी केली नव्हती. शेजारणीही करत नसत.

“काय सांगितलंस?”

“टू ब्रदर्स.”

“ह्यात आकाराम कुठं हाय?”

साळू म्हणाली, “शेवटाला. त्यो बारीक आवाज हाय न्हवं, त्यो.”

बनुबाई सहीच्या जागी अंगठा उठवत असे. तिने पेंढी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि तो शब्द म्हटला. शेवट तिने सोडला नाही, श्वास पुरेल तितका धरून ठेवला.

साळूला चार महिने लागले होते. आईला तो पहिल्याच खेपेला आला.