कालचाच आकडा

"बहात्तर पॉइंट चार," सासऱ्यांनी वजनकाट्यावर उभ्या उभ्याच जाहीर केलं. मग ते खाली उतरले, आकडा विझू दिला आणि पुन्हा चढले. "बहात्तर पॉइंट चार. झालं समाधान?"

सून बाथरूमच्या दारात ब्रश तोंडात धरून उभी होती. सासऱ्यांची सगळी नोकरी औषधांच्या दुकानात गेली होती. चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय गोळीला हात लावायचा नाही, हा तिथला शिरस्ता त्यांनी घरीही आणला होता, त्यामुळे वजनही दोनदा. हृदय थकल्यापासून डॉक्टरांनी बजावलं होतं, की अंगात पाणी साठतंय का यावर लक्ष ठेवा. दोन-तीन दिवसांत किलोभर वजन वाढलं किंवा आडवं पडल्यावर धाप लागली, तर लगेच फोन करा. फोन केला की ॲडमिट करणार, आणि ॲडमिट म्हणजे पुन्हा तोच वॉर्ड, हे सासऱ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून रोज सकाळी जुनाच आकडा दिसला की त्यांचा चेहरा खुलायचा.

तिने चूळ भरली. "बाबा, काल किती होतं?"

"बहात्तर चार. परवाही तेच. आहे की नाही स्थिर माणूस?"

"पण आज तुम्ही स्वेटर घातलाय."

सासऱ्यांनी स्वतःच्या पोटाकडे बघितलं. स्वेटर चांगला जाडजूड होता, शिवाय त्याच्या खिशात चष्म्याचं घर आणि किल्ल्यांचा जुडगा होता. "घ्या, तपासनीस बाई जाग्या झाल्या," असं पुटपुटत त्यांनी तो काढून तिच्या हातात दिला आणि ते काट्यावर चढले.

बहात्तर पॉइंट चार.

आता दोघांनाही राहवेना. बाथरूमच्या फरशीला पाणी जाण्यासाठी उतार असतो, तिथेच घोळ असेल, असं म्हणत तिने काटा उचलून पॅसेजमध्ये आणला. पाय टेकवून बघितला, अजिबात डुगडुगत नव्हता. सासरे चढले. बहात्तर पॉइंट चार. सासऱ्यांनी विजयी नजरेने तिच्याकडे बघितलं, पण आता त्यांनाही कोडं पडलं होतं. काढलेल्या स्वेटरचं वजन गेलं कुठे?

"तू चढ बघू," ते म्हणाले.

घरात या काट्यावर सासऱ्यांशिवाय कुणी चढत नसे. बाकीच्यांना आपलं वजन जाणून घ्यायची हौस नव्हती. ती नाइलाजाने चढली आणि सासऱ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावून आकडा बघून उतरली. सासरे पुन्हा चढले.

त्र्याहत्तर पॉइंट दोन.

"बिघडवलास," सासरे म्हणाले. "भलताच भार टाकलास त्याच्यावर."

ती हसली, पण स्वयंपाकघरात जाऊन पिठाची न फोडलेली पिशवी घेऊन आली. काट्याने पाच किलो दाखवले. पिशवीवर भरलेला पेला ठेवला, पुन्हा मोजलं, तरी पाचच. मग सगळं उतरवून तिने काट्यावर पाण्याची कळशी मोजली, ती खाली ठेवली आणि पिशवी-पेला परत चढवला. पाच किलो तीनशे.

दोघं काट्याच्या दोन बाजूंना उकिडवी बसली होती. सासऱ्यांच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला नाही.

"म्हणजे हा दर वेळी मोजत नाही," ते सावकाश म्हणाले. "थोडाबहुत फरक असला की मागचंच ठोकून देतो. मध्ये दुसरं काही आलं, तरच नव्याने बघतो."

"माणसाला वाटावं, काटा किती पक्का आहे. दोनदा चढलं तरी तेच."

"कंपनीवाले बिलंदर," सासरे कौतुकाने म्हणाले. मग त्यांचं लक्ष पुन्हा स्वतःच्या आकड्याकडे गेलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. "आठशे ग्रॅम वाढलंय. डॉक्टर काय म्हणाले होते? किलोभर. अजून दोनशे शिल्लक आहेत."

तिला हसू आलं आणि भीतीही वाटली. या काट्याचे दोनशे ग्रॅम कुठल्या भरवशावर धरायचे? आणि आठशे ग्रॅम आजचे, की तीन दिवस लपून बसलेले? तिने सासऱ्यांच्या पावलांकडे बघितलं. मोज्याची कड घोट्यावर रुतली होती. आधीच रुतत होती की आजच, हे तिला काही केल्या आठवेना. रोज सकाळी तीही आकडाच तेवढा ऐकून कामाला लागत होती.

"बाबा, रात्री झोप कशी लागली?"

"रोजच्यासारखी. मस्त," सासरे लगेच म्हणाले.

ती उठली, काट्यावर चढली, खाली उतरली. या वेळी आकडा तिने बघितलाही नाही. मग सासऱ्यांसमोर पुन्हा बसली.

"हं. आता सांगा."

सासरे आधी हसले. पिठाच्या पिशवीवरचा पेला उचलून त्यांनी उगाच खाली फरशीवर ठेवला, पुन्हा उचलला.

"तीन उशा घेतल्या होत्या," ते म्हणाले. "पहाटे चौथी शोधत होतो."