सीतेच्या वेणीचं माहेर

“कशी आहेस गं, बाळ?” फवाऱ्याची बाटली हातात धरून आमचे हे लाडाने विचारत होते. मला नव्हे, बाल्कनीतल्या सीतेच्या वेणीला, म्हणजे ऑर्किडच्या रोपाला.

आंबोलीला माझ्या माहेरी, जांभळाच्या फांदीवरून तिचे सुगंधी घोस लोंबताना पाहून ह्यांनी रोप मागून आणलं. इथल्या कोरड्या हवेत ते वाळत चाललं.

“हिला तिथलं धुकं हवं, जांभूळ हवं. माहेरी नेऊन सोडू, नाहीतर मरेल बिचारी,” शेवटी हे कळवळून म्हणाले.

मला मात्र ह्यांनी माहेरी दोन रात्रींवर कधी राहू दिलं नव्हतं. मी माळ्यावरची बॅग उतरवली.

“तू कुठे निघालीस?”

“तिच्या सोबतीला.”

“आणि परत कधी?”

“ती पुढच्या ज्येष्ठात फुलेल. मग ठरवू आम्ही दोघी.”