एका दिवसाचा विधी

दार उघडलं आणि यज्ञेश्वरांना पहिल्यांदा दिसल्या त्या हॉलमध्ये जमिनीवर अंथरलेल्या चार सतरंज्या. सकाळचे दहा वाजून गेले होते, तरी पाथर्डी फाट्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये हातपाय गारठत होते. घरातल्या आजी, प्रकाश कौर, शाल गुंडाळून खालीच बसल्या होत्या. शेजारी एवढा मोठा सोफा, पण त्यावर कुणी नाही.

रामकुंडावर तीस वर्षं पौरोहित्य केलेल्या माणसाला आणखी काय सांगायला हवं? जमिनीवर अंथरुणं, टीव्हीवर टाकलेलं फडकं, घरात हसू नाही. सुतक. यज्ञेश्वर उंबऱ्यातच थबकले. खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं. लेकीने, यशश्रीने, या घरातला तरनजीत पसंत केला होता. मुलगा गुणी, अंबडला स्वतःचं वर्कशॉप, नाव ठेवायला जागा नाही. तरी यज्ञेश्वर एक अट घालायला आले होते आणि ती कशी घालावी या विचाराने रात्रभर कुशी बदलत होते. सुतक म्हटल्यावर बोलणी आपोआप पुढे ढकलली गेली असती.

"कोण गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोन पोरं," प्रकाश कौर म्हणाल्या. जन्म देवळालीचा, मराठी तुमच्याआमच्याहून चोख. "एक नऊ वर्षांचा, एक सात. आणि त्यांची आजी."

यज्ञेश्वरांनी घाईघाईने चपला काढल्या. "अहो, यशू काही बोलली नाही. कधी झालं हे?"

"तीनशे वीस वर्षं झाली, गुरुजी. या ना आत."

ते आत आले, पण तोंड आंबट करून. आपली थट्टा झाली असं वाटलं त्यांना. "आजी, सुतक दहा दिवसांचं असतं. फार तर तेरा."

"हे सुतक नव्हे. सुतक फिटतं." आजींनी शाल सारखी केली. "आम्हा शिखांच्या दहाव्या गुरूंची ती लेकरं. सरहिंदच्या नवाबाने आजीसकट बुरुजात कोंडली, अशाच थंडीत. म्हणाला, धर्म बदला, काय हवं ते देतो. हो म्हणायचं, बस्स. पोरं नाही म्हणाली. मग त्यांच्याभोवती भिंत रचली. भिंत छातीशी आली तरी उत्तर तेच. पोरं गेल्याचं कळल्यावर आजीनेही बुरुजातच प्राण सोडला. म्हणून डिसेंबरातला हा आठवडा आम्ही गादीवर झोपत नाही, लग्नकार्य करत नाही. तुम्ही आजच येतो म्हणालात. पाहुण्याला नको कसं म्हणायचं?"

तरनजीतने गरम दुधाचा पेला आणून दिला. निळी पगडी, खाली घातलेली मान. यज्ञेश्वरांनी दोन घोट घेतले. पण भाऊबंदांना शब्द देऊन आले होते, तो काही दुधाबरोबर गिळता येईना.

"मी आडपडदा ठेवत नाही," ते म्हणाले. "तरनजीतने केस उतरवायचे. छोटासा शुद्धीचा विधी करायचा, आमच्यातलं गोत्र घ्यायचं. एका दिवसाचं काम. केसांचं काय, पुन्हा वाढतात. नुसतं हो म्हणायचं, बस्स..."

आणि ते अडखळले. हे शब्द आत्ताच, याच खोलीत, आपण दुसऱ्या कुणाचे म्हणून ऐकले, हे त्यांच्या ध्यानात आलं.

प्रकाश कौर रागावल्या नाहीत. "नाही," एवढंच म्हणाल्या, दारावरच्या भाजीवालीला आज मेथी नको म्हणून सांगावं तसं.

यज्ञेश्वर तरनजीतकडे वळले. "माझ्या मुलीवर जीव आहे ना तुझा?"

"आहे, काका."

"मग?"

"तरी नाही." पोराचे डोळे भरून आले होते. आवाज मात्र जागचा हलला नाही.

यज्ञेश्वर आता पुरते पेचात पडले. खरी भीती होती ती शेवटी बाहेर आली. "आणि माझी मुलगी या घरात आली म्हणजे? तिच्या देवांचं काय? उद्या तुम्ही तिला म्हणालात..."

"गुरुजी," आजींनी त्यांना मध्येच थांबवलं, "त्या लेकरांच्या आजोबांनी दिल्लीत भर चौकात शीर दिलं. कशासाठी? काश्मिरातल्या पंडितांच्या जानव्यासाठी. स्वतः जानवं घालत नव्हते. दुसऱ्याचा धर्म बुडू नये म्हणून गेले. धर्म बदला म्हणणाऱ्यांपुढे जे वाकले नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही दर वर्षी जमिनीवर झोपतो. आणि तुमच्या लेकीला आम्ही तेच म्हणणार? कोणत्या तोंडाने म्हणणार?"

हे सगळं यज्ञेश्वरांनी शाळेत वाचलं होतं, मार्कही मिळवले होते. पण त्याचा आपल्या गळ्यातल्या जानव्याशी काही संबंध असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. त्यांनी दूध संपवलं, आजींना वाकून नमस्कार केला आणि ते जिना उतरले.

खाली पार्किंगमध्ये पोचतात तोच बायकोचा, सुमेधाचा, फोन आला. ती घरी जीव मुठीत धरून बसली होती.

"अट घातलीत?"

"घातली."

"मग? काय म्हणाले?"

"नाही म्हणाले. आजी नाही म्हणाल्या. मुलगाही नाही म्हणाला."

रडवेल्या सुरात तिने विचारलं, "म्हणजे मोडलं का हो?"

"मोडतंय कशाला?" स्कूटरला किल्ली लावत यज्ञेश्वर म्हणाले. "ठरलं."